लांबडीची काच

“जन्मात कधी मटणाचा तुकडा तोंडात घातला न्हाईस, आणि मला सांगतोस व्हय ससा कसा शिजवायचा?” मोटारखान्यातून दस्तगीरचाचा ओरडले.

“आणि तू जन्मात कधी मागच्या सीटवर बसलायस? मग मला कशाला शिकवतोस लिमोझिन कशाला म्हणायचं?” स्वयंपाकघराच्या खिडकीतून आबा त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले.

मधल्या अंगणात मी कांदे निवडत बसले होते. एकाचा आवाज डाव्या कानात, दुसऱ्याचा उजव्या. रोज सकाळी हे असंच चालायचं. मला तर वाटायचं, या दोघांची गेल्या जन्मीची भाऊबंदकी राहिली असणार, ती या जन्मी फेडून घेतायत.

“ससा ताकात बुडवून ठेवायचा, मग त्याचा उग्रपणा जातो,” आबा म्हणाले.

“ताकात तुझी भाकरी बुडव! सशाला मीठ-हळद चोळायची आणि वाऱ्याला टांगायचा. आन् केरबा, तुझी खसखस जळाली बघ! काढ, काढ!”

“जळाली न्हाई!” असं म्हणत आबांनी कढई झटक्यात उतरवली.

हे सगळं तीस वर्षांपूर्वीचं, चिंचणगड संस्थानच्या शिकारी बंगल्यावरचं. संस्थान कधीच गेलं होतं, शिकारीवर बंदी येऊनही वीस वर्षं होऊन गेली होती. धाकट्या सरकारांनी बंगला हॉटेलवाल्यांना चालवायला दिला आणि बंगल्याबरोबर तीन जुन्या वस्तूही दिल्या. एक माझे वडील केरबा आचारी, दुसरे दस्तगीर ड्रायव्हर, आणि तिसरी ती लांबलचक काळी मोटार. तिचं विलायती नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळा गाव तिला लांबडी म्हणायचा.

आबा माळकरी होते. थोरल्या भावाला साप चावला आणि तो वाचला, म्हणून सतराव्या वर्षी त्यांनी तुळशीची माळ घातली. त्याच वर्षी शिकारखान्यात लाकडं फोडायला लागले. एका शिकारीला म्हातारा आचारी दारू पिऊन आडवा झाला, तेव्हा चुलीवरचं सांबर या पोरानं नुसत्या वासावर शिजवलं. थोरल्या सरकारांनी बोटं चाटली आणि कलथा कायमचा आबांच्या हातात आला. तेव्हापासून त्यांनी काय काय शिजवलं! रानडुक्कर, भेकर, तितर, ससा. पण चव म्हणून कधी घेतली नाही. मीठ हाताच्या अंदाजानं आणि बाकी सगळं नाकावर. काम संपलं की डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच जेवायला बसायचं. भजनी मंडळात त्यांना पखवाज वाजवू देत, पण प्रसाद करू देत नसत. आबा त्यावर हसायचे. म्हणायचे, “पाप असलंच तर हाताला असंल, जिभेला न्हाई. आणि हात मी रोज धुतो.”

आई लवकर गेली. मी आबांच्या चुलीशीच वाढले. दहाव्या वर्षी हट्टानं त्यांच्यासारखीच माळ मीही घालून घेतली. मसाला वाटायचे, कांदा चिरायचे, पण कलथा हातात घ्यायची मला परवानगी नव्हती.

त्या सकाळी भांडण ऐकून खांबेटे साहेब बाहेर आले. हे हॉटेलचे मॅनेजर, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत.

“काय चाललंय सकाळी सकाळी? अख्ख्या घाटाला ऐकू जातंय.”

“साहेब, तुमच्या कागदावर ही गाडी लिमोझिन म्हणून छापलीया,” चाचा फडकं खांद्यावर टाकत म्हणाले. “ही आता लिमोझिन न्हवं.”

“का हो? एवढी लांब तर आहे.”

“लांबीचा काय संबंध? एस्टी बी लांब असती. साधी गाडी म्हंजे एक खोली. लिमोझिन म्हंजे दोन खोल्या. मागं मालक, म्होरं ड्रायव्हर आणि मधी काच. मालक काय बोलतो ते ड्रायव्हरला ऐकू येता कामा न्हाई. थोरल्या सरकारांनी दिवाणजींना कामावरनं काढलं ते माझ्या पाठीमागं बसून. मला दुसऱ्या दिवशी गावात कळलं! त्याला म्हणायचं लिमोझिन. काच फुटली, तवापास्नं ही नुसती लांबडी.”

“अहो, पाहुण्यांना काय कळतंय? लांब गाडी दिसली की ते खूश.”

“कुणीतरी कळणारा येतो साहेब. काच बसवा, मग छापा.”

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता हे चाचांवर उलटणार. पण ते म्हणाले, “बसवून टाका एकदाची काच, साहेब. म्हंजे ह्याचं तोंड बंद हुईल.”

“त्या मापाची काच इथं मिळत नाही. मुंबईहून माणूस आणावा लागेल,” खांबेटे म्हणाले. “आधी रविवार तर पार पडू दे.”

रविवार म्हटल्यावर आबांनी डोकं आत घेतलं आणि चाचांनी फडकं परत गाडीवर टेकवलं. रविवारी मुंबईच्या एका प्रवास कंपनीची माणसं जेवायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर वर्षभर त्यांचे पाहुणे आमच्याकडे उतरणार. नाही पडलं तर पुण्याच्या हॉटेलातला आचारी आणायचा, हे साहेबांनी आबांना तोंडावर सांगितलं होतं. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, त्या आचाऱ्यासाठीच होत्या. पण खोल्यांचं सोडा. आबांच्या हातून कलथा काढून घेतला असता तर हा माणूस महिनाभरही जगला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जेवणाचा बेत ठरला होता. शिकारी मटण. शिकार बोकडाचीच, पण पद्धत सांबराची. भांड्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही. जाड बुडाच्या भांड्यावर खोलगट झाकण ठेवायचं आणि पाणी त्या झाकणावर ओतायचं. आतलं मटण आपल्याच रसात शिजतं. मसाला खोबरं, तीळ, खसखस आणि भाजलेला कांदा यांचा. चाचा यावरही बोललेच. “बोकडाला सांबर म्हणायचं, लांबडीला लिमोझिन म्हणायचं. तुझं न् तुझ्या साहेबाचं बरं जमतंय केरबा!”

रविवारी सकाळी सात वाजता खांबेटे धावत आले. पाहुणे स्वतःच्या गाडीनं येणार होते, ते आता रेल्वेनं कोल्हापूरपर्यंत येणार होते. “दस्तगीर, लांबडी काढा. स्टेशनवरून त्यांना थाटात आणा. जेवायच्या वेळेपर्यंत परत या.”

आबांच्या हातातलं पातेलं खाली आपटलं. “दुसरा कुणीतरी पाठवा साहेब. ह्याला नगा पाठवू.”

“का?”

“न्हाई, म्हंजे… गाडी जुनी. घाट हाय.”

“केरबा, गाडी जुनी आहे हे मला माहीत आहे. तुम्ही तुमचं मटण बघा.”

मला आबांचा राग आला. एवढं काय वाईट त्या चाचांचं? मी बाहेर आले तर चाचा निघायच्या तयारीत, टोपी चढवून उभे. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

“गोकुळा, आज तू मसाल्याजवळनं हलू नगंस. कुठं पाणी आणायला, फुलं आणायला म्हणून जायचं न्हाई. कळलं?”

“का हो चाचा?”

त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि गाडीत बसले. लांबडी फाटकातून बाहेर पडली. आबा खिडकीशी उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

नऊच्या सुमारास आबांनी कढई चढवली. खोबऱ्याचे काप टाकले. कोठीवाल्यानं नवीन पोतं आणलं होतं, त्यातलं खोबरं. मी पाट्याशी बसले होते. कढईतून पहिला धूर आला आणि माझं नाक आक्रसलं. खवट. जुनं तेल डब्यात राहून कसं होतं, तसा वास. मला वाटलं, आबा आता पोतं उचलून कोठीवाल्याच्या डोक्यात घालतील.

आबा शांतपणे कलथा फिरवत होते.

मी थांबले. वाटलं, कदाचित त्यांनी काही मनात धरलं असेल. खोबरं तांबूस झालं, त्यांनी ते ताटात काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “वाट.”

“आबा, हे वाटायचं?”

“मग काय आरतीला ठेवायचं?”

“आबा, खोबरं खवट हाय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ताट उचललं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. केवढा वेळ ते तसेच उभे होते! मी लहानपणापासून त्यांना वास घेताना बघितलं होतं. एक क्षण पुरायचा. बंद डब्यावरून हात फिरवला तरी आत काय आहे ते सांगणारा माणूस तो.

“न्हाई येत वास,” ते म्हणाले. आणि मग हळूच, “खरंच खवट हाय व्हय गं?”

मी हातातला वरवंटा बाजूला ठेवला.

आबा चुलीजवळच्या पाटावर बसले. ताट मांडीवर तसंच. “फाल्गुनात ताप आला होता बघ मला. त्यातनं उठलो, तवापास्नं गेलं. आधी वाटलं सर्दी असंल. मग एक दिवस विठ्ठलापुढं मोगरा ठेवला, तर कागदाची फुलं ठेवल्यागत वाटलं. तवा समजलो.”

“नऊ महिने झाले आबा! मग रोजचा सैपाक?”

“दस्तगीर सांगतो की.”

मला कळेना. “चाचा? ते तर नुसते भांडतात तुमच्याशी.”

“भांडत न्हाई गं. खसखस जळाली म्हणतो, म्हंजे उतरव. कांदा कच्चा हाय म्हणतो, म्हंजे राहू दे. मोटारखान्यात वारा हिकडनंच जातो. म्हणून तर सकाळच्याला गाडी पुसायला काढतो तो. न्हाईतर त्या गाडीला रोज रोज काय पुसायचंय?”

नऊ महिने मी त्या अंगणात बसून दोघांच्या मधोमध कांदे निवडले होते. काढ, काढ. जळाली बघ. हिंग जास्त झाला रं मर्दा. एकेक हाक मला आठवायला लागली आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

“मग तुम्ही त्यांच्यावर एवढं का ओरडता?” मी विचारलं.

“ओरडू न्हाई तर काय करू? त्याला ऐकू येत न्हाई.”

“काय?”

“डावा कान पार गेला. उजव्याचं बी निम्मं गेलं. म्होरनं हॉर्न वाजला तर कळतो, पण पाठीमागं कोण काय बोललं तर अक्षर न्हाई कळत. साहेबाला समजलं तर दुसऱ्या दिवशी चावी काढून घेईल. म्हणून ती काच मागतोय तो. मधी काच असली की ड्रायव्हरनं उत्तर दिलं न्हाई तरी कुणी रागवत न्हाई.” आबांनी कपाळावर हात मारला. “आणि आज मागं तीन माणसं बसणार. बोलणार. काय काय विचारणार. म्हणून म्हणत होतो, त्याला पाठवू नगा.”

बाहेर कोंबडा आरवत होता आणि आम्ही दोघं त्या खवट खोबऱ्याकडे बघत बसलो होतो. पाहुणे यायला तीन तास होते.

मी उठले. कोठीत दुसरं खोबरं नव्हतं. गावचा बाजार चार मैलांवर, आणि रविवारी बंद. “खोबऱ्याशिवाय करू,” मी म्हणाले. “तीळ आणि शेंगदाणे जास्त घेऊ.”

“तसं मी कधी केलं न्हाई. मापं कुठली धरायची? मला सांगता यायचं न्हाई.”

“मी वास बघते.”

मी कलथा घेतला. पहिल्यांदा घेतला, पण कुणाला ते लक्षात यायला वेळ कुठं होता! तीळ भाजले, शेंगदाणे भाजले, चार कांदे निखाऱ्यात घातले. आबा जवळ बसून विचारत होते, “तीळ उडायला लागले का? वास गोड हाय का कडू?” मी सांगत होते. मसाला वाटला, मटणाला लावला, झाकणावर पाणी ओतलं. भांड्यातून रटरट आवाज यायला लागला.

तासाभरानं मी झाकण काढलं. वास चांगला होता. पण वासाच्या खाली काहीतरी चुकलं होतं, आणि काय ते मला समजेना. माझं नाक आबांसारखं नव्हतंच.

“कसं हाय?” आबांनी विचारलं.

“कायतरी राहिलंय. वासावर नाही कळत मला.”

आबा उठले आणि त्यांनी गळ्यातल्या माळेला हात घातला. “आण हिकडं. मी बघतो चव.”

“नको आबा!”

“माळ परत घालता येती.”

“तसं नाही आबा.” मी भांड्यावर झाकण ठेवलं. “वासाबरोबर तुमची चवही गेलीय. परवा भाकरीबरोबर कारल्याची भाजी होती. त्यात मीठच नव्हतं. तुम्ही मुकाट खाल्लीत.”

त्यांचा हात माळेवर तसाच राहिला. मग खाली आला. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी मला तो फार लहान दिसला, आणि ते बोलल्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

मी माझी माळ काढली. खिडकीच्या खिळ्याला अडकवली. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पळीत थोडा रस्सा आणि एक बारका तुकडा घेतला. मला वाटलं होतं उलटी होईल. तसं काहीच झालं नाही. खरं सांगते, मला आवडलं. तुकडा मऊ होता, दाताखाली सुटला, आणि तोंडभर जे पसरलं त्याला माझ्याकडे शब्दच नव्हता, कारण तशी चव मी कधी घेतलीच नव्हती. एवढं एकच मी आबांना आयुष्यभर सांगितलं नाही.

“मीठ कमी हाय,” मी म्हणाले. “आणि तीळ पुढं आलेत. मागनं जरा कडवट लागतं.”

आबा भिंतीकडेच तोंड करून होते. तिकडूनच त्यांचा आवाज आला, नेहमीचा, कामातला. “मग अजून एक कांदा भाज. चांगला काळा होस्तवर. साल काढून वाटून घाल. गोडी येईल. मीठ शेवटाला.”

मी तसं केलं. परत चव घेतली. परत सांगितलं. आबा सांगत गेले आणि मी करत गेले.

एक वाजता लांबडी फाटकात आली. आधी दोन पुरुष उतरले आणि मग साठीकडे झुकलेल्या एक पारशी बाई. त्यांचं नाव झरीनबाई. कंपनी त्यांचीच होती. चेहरा रागानं लाल. खिडकीतून आम्हाला ऐकू येत होतं.

“मिस्टर खांबेटे, तुमचा ड्रायव्हर भारी उद्धट आहे! मी तीन वेळा त्याला प्रश्न विचारला. त्यानं मान पण नाही वळवली. मी काय भिंतीशी बोलत होते?”

खांबेट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “मी बघतो बाई. आजच बघतो. तुम्ही आधी जेवून घ्या.”

चाचा टोपी हातात घेऊन गाडीजवळ उभे होते. कुणीतरी काहीतरी बोलतंय एवढं त्यांना ओठांवरून कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. ते आमच्या खिडकीकडे बघत होते आणि नाक वर करून वास घेत होते. तेवढ्यातही!

जेवण वाढलं. मी दाराआड उभी होते, आबा माझ्या मागे. झरीनबाईंनी पहिला घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला.

“हे सांबर नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही बाई, बोकडच आहे. पण पद्धत तीच, संस्थानी.” खांबेटे हात चोळत म्हणाले.

“पद्धत पण ती नाही. मी आठ वर्षांची होते, माझ्या बाबांबरोबर इथं आले होते. ती चव मला अजून आठवते. ही ती नाही.”

आबांनी माझा खांदा घट्ट धरला.

“ही वेगळी आहे,” झरीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताट पुढे केलं. “पण मला अजून वाढा. हे कोणी केलं?”

खांबेट्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. “हे आमचे केरबा. पन्नास वर्षांचा अनुभव. थोरल्या सरकारांच्या वेळेपासून…”

“म्या न्हाई केलं,” आबा म्हणाले.

“केरबा!”

“माझ्या पोरीनं केलंय. गोकुळानं. मी वासावर सैपाक करायचो, बाई. तुम्ही ल्हान असताना जे खाल्लं ते मीच केलं असणार. पण आता मला वास येत न्हाई. नऊ महिने झाले. आज हिनं माळ काढून चव घेतली. तिचं काम मी माझ्या नावावर घेतलं तर मला देव माफ करणार न्हाई.”

खांबेटे आबांकडे बघतच राहिले. नऊ महिने डोळ्यांत तेल घालून जपलेली गोष्ट आबांनी एका दमात सांगून टाकली होती, आणि ते ताठ उभे होते. मला रडू आलं. रागही आला. म्हातारपणी असा बाणा दाखवायचा असतो का?

झरीनबाई माझ्याकडे बघत होत्या. “मग हिलाच करू द्या,” त्या सरळ म्हणाल्या. “चव घेणारी आहे ना? झालं तर. आणि म्हाताऱ्याला तिच्याजवळ बसू द्या. पण मिस्टर खांबेटे, तो ड्रायव्हर मला नको. माझी माणसं अशा माणसाबरोबर मी पाठवणार नाही.”

दारात चाचा उभे होते. आबांनी हात हलवून त्यांना परत जायची खूण केली, पण ते हलले नाहीत. सगळे आपल्याकडे बघतायत एवढं त्यांना दिसत होतं. हातातली टोपी ते गोल गोल फिरवत होते.

आबा तोंड उघडणार होते. स्वतःचं सांगितलं तसं आता मित्राचंही सांगून टाकतील, अशी मला भीती वाटली. मी आधी बोलले.

“बाई, तुम्ही लहानपणी आला होता ना, तेव्हा ही गाडी होती का?”

“होती की. मी मागे बसून…” झरीनबाई थांबल्या. “मधे काच होती. मी तिच्यावर नाक दाबून ड्रायव्हरला वाकुल्या दाखवायची. तो कधी मागे बघायचा नाही.”

“तो ड्रायव्हर हाच, बाई.” मी चाचांकडे बोट दाखवलं. “लिमोझिन म्हणजे मागचं बोलणं ड्रायव्हरनं ऐकायचं नाही, अशी त्यांची शिस्त. काच फुटली, पण त्यांनी शिस्त मोडली नाही. उद्धट नाहीत हो ते. तुमचं बोलणं तुमचंच राहावं म्हणून मान वळवत नाहीत.”

झरीनबाईंनी चाचांकडे निरखून बघितलं. मग त्यांचं हसू फुटलं, अगदी लहान मुलीसारखं. त्यांनी तिथूनच नाकाला अंगठा लावून चाचांना वाकुली दाखवली. चाचांना काय घडलं ते कळलं नाही, पण बाई हसतायत हे कळलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि सलाम केला.

पाहुणे गेल्यावर खांबेट्यांनी मला बोलावलं. “गोकुळा, उद्यापासून स्वयंपाकघर तुझ्याकडे. केरबा तुझ्याबरोबर राहतील. बोल, तुला काय हवं? भांडी, हाताखाली बाई, काय ते सांग.”

“गाडीला काच बसवा,” मी म्हणाले.

“तुला काय करायचंय काच?”

“लिमोझिन म्हणून छापलंय ना तुम्ही? मग काच हवी. त्या बाई परत येणार आहेत.”

पंधरा दिवसांनी मुंबईहून माणूस आला आणि काच बसली. चाचांनी त्या गाडीवर आणखी सहा वर्षं काढली आणि एकाही पाहुण्यानं त्यांच्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

माझी माळ मी परत घातली नाही. त्या रविवारी भांडी घासून झाल्यावर मी खिडकीजवळ गेले तर खिळा रिकामा. आबा आंघोळ करून आले होते. त्यांच्या गळ्यात दोन माळा होत्या. “तुझी माझ्याजवळ ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तू काम कर.” पुढे अकरा वर्षं, शेवटच्या दिवसापर्यंत, त्या दोन्ही त्यांच्या गळ्यात होत्या.

आणि रोज सकाळी चाचा मोटारखान्यातून ओरडायचेच. कुणी त्यांना सांगितलंच नाही की आता गरज नाही म्हणून. मी खसखस भाजत असायची, आबा पाटावर बसलेले असायचे. रंग आला, वास सुटला, आता उतरवायला हवी, हे मला आधीच कळलेलं असायचं. मी आच बारीक करायची आणि कलथा फिरवत थांबायची.

“केरबा! जळाली बघ! काढ, काढ!”

“जळाली न्हाई!” आबा ओरडायचे. मग मी कढई उतरवायची.